दादारावांनी वाटलेल्या केवायसीच्या अक्षता

दादाराव मॅनेजरांनी एका सकाळी माझ्या दाराची बेल वाजवली, मी दार उघडताच माझ्या हातावर अक्षता ठेवल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "मॅडम, गुरुवारी केवायसी हाये. सहकुटुंब, सहपरिवार यायचं. नाही म्हणायचं नाय."

लग्नाच्या अक्षता मी पुष्कळ घेतल्या आहेत, मुंजीच्याही घेतल्या आहेत. केवायसीच्या अक्षता हातात पडायची ही माझी पहिलीच वेळ. मागे गॅसवर दूध, पुढे दादाराव आणि तळहातावर पिवळे तांदूळ.

"कुणाची केवायसी?" मी विचारलं.

"सगळ्यांचीच. सरकारी आरोग्य कार्डाची. मुदत संपायली."

"अहो, पण आमचं रेशन कार्ड पांढरं. आमचं नाव त्यात कुठून येणार?"

"नसंना नाव! लग्नाला काय फक्त नवरानवरीच येतेत का? तुम्ही आशीर्वादाला या."

एवढं बोलून ते शेजारच्या दारात गेलेसुद्धा. माझं दूध तोवर उतू गेलं होतं.

दादाराव हे आमच्या घरासमोरच्या मंगल कार्यालयाचे मॅनेजर. आम्ही गारखेड्यात घर घेतलं तेव्हा समोर मोकळा प्लॉट होता. तिथे बाग होणार, असं बिल्डरने आमच्या ह्यांना सांगितलं होतं आणि ह्यांनी ते खरं मानलं होतं. बाग झाली नाही. कार्यालय झालं, आणि कार्यालयासोबत दादाराव आले. पन्नाशी ओलांडलेली, काळासावळा रंग, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि हातात माईक. माईक नसेल तेव्हाही ते उजवी मूठ तोंडाजवळ धरूनच बोलतात. मी शाळेत मराठी शिकवते, संध्याकाळी पेपर तपासते, आणि त्या माईकवरून माझं त्यांच्याशी जुनं भांडण आहे. दर वेळी मी तणतणत रस्ता ओलांडून जाते, दर वेळी ते माझ्यापुढे बुंदीची ताटली ठेवतात, आणि दर वेळी मी बुंदी खाऊन परत येते.

या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट लग्नासारखीच दिसते. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी दादाराव अख्ख्या गल्लीला माईकवरून सांगतात, "वऱ्हाड आलेलं आहे, मंडळींनी हंडे घेऊन सामोरं जावं." वीज गेली की करवली रुसली. परत आली की करवलीची समजूत पटली. माझ्या सासूबाईंचं तेरावं आम्ही त्यांच्याच हॉलवर केलं, तेव्हा त्यांनी माईक हातात घेऊन जड आवाजात फार चांगली सुरुवात केली. सासूबाईंचा स्वभाव, त्यांच्या हातचं लोणचं, सगळं सांगितलं. आणि शेवटी सवयीने म्हणाले, "तरी सर्व पाहुण्यांनी जेवून, आशीर्वाद देऊनच जावं." गुरुजींनी चष्मा काढून उगीचच पुसला. आमचे हे मात्र आई गेल्यापासून पहिल्यांदा हसले, म्हणून मी दादारावांना तेव्हा काही बोलले नाही.

आता ही केवायसीची भानगड सांगते. कार्यालयात पोळ्या लाटणाऱ्या बायका, वाढपी, भांडी घासणारे, मंडप बांधणारे, बँडवाले ही सगळी पिवळ्या नाहीतर केशरी रेशन कार्डाची माणसं. मोठं आजारपण आलं तर त्यांना सरकारी आरोग्य कार्डाचाच आधार. ते असलं की ऑपरेशन फुकट होतं. पण कार्ड चालू ठेवायचं तर घरातल्या प्रत्येकाने मशीनवर अंगठा टेकवून 'मी तोच आहे' हे नव्याने पटवून द्यावं लागतं. मुदत महिनाअखेरची, आणि दिवस ऐन लगीनसराईचे. लग्नाची तिथ सोडून केंद्रावर रांगेत उभं राहावं तर त्या दिवसाचा रोज बुडतो, आणि आपला नंबर लागेपर्यंत सर्व्हर मान टाकतो. त्यामुळे ज्याला विचाराल तो म्हणत होता, बघू की पुढं.

दादारावांनी पंचांग उघडलं. गुरुवारी तिथ नव्हती. हॉल रिकामा, माणसं रिकामी. मग ते चौकातल्या केंद्रावर गेले. ते केंद्र वहीदभाई चालवतात. वहीदभाई म्हणजे नाकाच्या शेंड्यावर चष्मा, तोंडात सुपारी आणि कोणत्याही कामाबद्दल पहिली शंका.

"दादाराव, मशीन लेके मैं आ जाऊंगा," वहीदभाई म्हणाले. "लेकिन लोगां आएंगे क्या?"

"अक्षता दिल्यावर माणूस येत नाय असं कधी झालंय?"

हे मात्र त्यांनी अगदी बरोबर ओळखलं होतं. शिबिराची नोटीस लावली असती तर लोकांनी ती वाचून पुढची वाट धरली असती. हातावर अक्षता पडल्या की आमच्याकडे माणूस बांधला जातो. आला नाही तर त्याचा उद्धार पुढची सगळी लग्नं चालतो. एकच गोष्ट दादारावांनी हिशेबात धरली नव्हती. लग्नासारखं बोलावलं की माणसं लग्नासारखीच वागतात.

गुरुवारी सकाळी मी आशीर्वादाला गेले. शाळेला सुट्टी होती, घरी पेपरांचा गठ्ठा होता, पण खरं सांगायचं तर मला राहवलंच नाही. कार्यालयाच्या दारात कालच्या लग्नाची कमान तशीच होती. आत काठापदराच्या साड्या, गजरे, पावडरी. म्हातारे फेटे बांधून आलेले. बँडवाले लाल कोट घालून वाद्यांसकट आलेले. दारात अत्तर लावायला माणूस उभा. आणि व्यासपीठावर, जिथे नवरानवरीच्या खुर्च्या असतात, तिथे मखमली सिंहासनावर वहीदभाई लॅपटॉप घेऊन बसलेले. ते एवढे अवघडले होते की मलाच त्यांना आहेर करावासा वाटला.

पहिलं विघ्न पहिल्याच अंगठ्याला आलं. बायकांनी कार्य म्हणून आदल्या दिवशी हात भरभरून मेंदी लावली होती, आणि मशीन अंगठा ओळखेना.

"दादाराव, ये मेंदी कायकू लगाए सब?" वहीदभाई ओरडले. "मशीन कू अंगूठा दिखताच नई!"

दादाराव डगमगले नाहीत. मूठ नव्हे, खरा माईक तोंडाजवळ गेला. "मंडळी, एक नम्र विनंती. वधूपक्ष, वरपक्ष, ज्यांच्या ज्यांच्या अंगठ्याला मेंदी हाये, त्यांनी मागच्या नळावर जावं. तिथं साबण अन् लिंबू ठेवलेलं हाये. फक्त अंगठा धुवावा. बाकीची मेंदी शाबूत ठेवावी."

घासून घासून अंगठे ओळखू यायला लागले, मग पहिल्या अंगठ्याचा मान कोणाचा यावरून दोन फेटेवाल्यांची जुंपली. एकाला पहिला अंगठा आणि दुसऱ्याला माईकवर नाव पुकारून नारळ, असा तोडगा दादारावांनी काढला. तेवढ्यात सर्व्हर बसला. हॉलभर चुळबुळ सुरू झाली. दादाराव म्हणाले, "काळजी करू नका. नवरदेव मारुतीच्या देवळात गेलेला हाये, येतोच." आणि लोकांनी ते बिनतक्रार मान्य केलं. नवरदेवाला उशीर होतोच, त्यात काय. चहा आला, चिवडा आला, आणि चिवडा संपेपर्यंत नवरदेवही आले. मी जन्मात इतकी आनंदी सरकारी रांग पाहिलेली नाही.

दुपारी, रांग निम्मी सरली असताना, पोळ्या लाटणारी मंगल व्यासपीठाजवळ उभी राहून रडू लागली.

मंगलला मी ओळखत होते. तिची नऊ वर्षांची आरती आमच्याच शाळेत. पोरगी चुणचुणीत, पण जिना चढली की धापा टाकत पायरीवर बसायची. हृदयाची झडप बिघडलेली. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं होतं, मंगळवारचं. खर्च आरोग्य कार्डातून व्हायचा होता, आणि चालू झालेलं कार्ड शुक्रवारी सकाळीच दवाखान्यात दाखवायचं होतं. म्हणजे कार्ड चालू झालं तर मंगळवारी ऑपरेशन, नाही झालं तर पुन्हा तारीख कधी मिळेल ते कुणीच सांगू शकत नव्हतं. आणि पोरीकडे तेवढा वेळ नव्हता, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं.

"पर झालं काय?" दादारावांनी विचारलं.

झालं होतं ते असं. रेशन कार्डावर घरातली मोठी बाई कुटुंबप्रमुख असते. मंगलच्या घरात ती मोठी बाई म्हणजे तिची सासू हौसाबाई. हौसाबाईंचा अंगठा लागल्याशिवाय बाकीची नावं पुढे सरकत नव्हती. आणि हौसाबाई घाटापलीकडे पिशोरला लेकीकडे जाऊन बसल्या होत्या.

"मग बोलवून घ्यायचं की! अक्षता दिल्या नव्हत्या का?"

"दिल्या व्हत्या," मंगल हुंदका गिळत म्हणाली. "फोनवरनं. म्हनलं, आत्या, तुमच्या अक्षता म्या घेतल्यात, तुमी या. तं त्या म्हनल्या, घरातली मोठी बाई मी, अन् मला अक्षता फोनवर? मान नाय तिथं मी येत नाय. आता तेंच्या लेकानं फोन लावला तं उचलतच नायत."

"ऑपरेशनचं नाही का सांगितलं?" मी म्हणाले.

"नाय ना, मॅडम. म्हातारीचा लई जीव हाय आरतीवर. धसका घ्यायच्या म्हनून समद्यांनी ठरवलं, झाल्यावरच सांगायचं. तुमी बी सांगू नका. शपथ हाय."

मी कपाळावर हात मारला. दादारावांचा चेहरा मात्र उजळत गेला. म्हणजे काळजी होती, पण काळजीच्या मागून एखाद्या पैलवानाला जोड मिळावी तसा हुरूप येत होता. उभं आयुष्य त्यांनी विहिणींचे रुसवे काढण्यात घालवलं होतं.

"वहीदभाई," ते म्हणाले, "संध्याकाळपर्यंत मांडवातून हलायचं नाय. मॅडम, चला."

"मी?"

"रुसवा काढायला बाईमाणूस सोबत लागतं. रीतच हाये ती."

कार्यालयात त्या वेळी एकच गाडी हजर होती. आदल्या दिवशी नवरीला घेऊन आलेली, काचेवर झेंडूच्या माळा आणि मागे थर्माकोलची बदामाची आकृती. तिच्यात मी मागे बसले, मांडीवर नारळ, खण आणि आहेरासाठी कार्यालयाच्या कपाटात ठेवलेलं एक नवंकोरं लुगडं. पुढे दादाराव. ते ड्रायव्हरला सारखं म्हणत होते, "दाब, दाब, मुहूर्त चाललाय." दौलताबाद मागे पडलं, घाट चढलो. खुलताबादला चहाच्या टपरीपाशी गाडी हळू झाली तेव्हा दोघंतिघं काचेला नाक लावून आत डोकावले. आत मी. त्यांची घोर निराशा झाली.

"नवरी कुठंय?" एकाने विचारलं.

"आणायला चाललोय!" दादाराव ओरडले, आणि गाडी पुढे निघाली.

मला हसू आवरेना. तरी मी सारखी घड्याळात बघत होते. संध्याकाळपर्यंत परत पोचायचं होतं.

पिशोरला हौसाबाई लेकीच्या ओसरीवर गहू निवडत बसल्या होत्या. किरकोळ बांधा, कपाळावर हिरवं गोंदण, आणि मान अशी ताठ की ती सुपाकडे झुकलेली असूनही ताठ वाटावी. आम्ही आलो, चपला काढल्या, समोर बसलो. त्यांनी वर पाहिलं नाही.

"मावशी, मी कार्यालयाचा मॅनेजर, दादाराव."

"म्हंजी फोनवाल्या अक्षतांचा."

दादारावांनी तिथून जे सुरू केलं ते मी तोंडात बोट घालून ऐकत राहिले. चूक कबूल केली. पोरांना रीतभात उरली नाही, असं म्हणाले. स्वतःच्या हाताने अक्षता दिल्या. हौसाबाईंनी त्या गव्हातल्या खड्यांबरोबर बाजूला सारल्या. खण पुढे केला, सूप आडवं आलं. लुगडं उलगडून दाखवलं, त्यांनी काठ मात्र नजरेने मोजला आणि पुन्हा गहू निवडायला लागल्या. दारात गाडी आणली आहे, फुलांची आहे, म्हणाले. "पाय धुतो, मावशी, पाणी आणा कुणी," म्हणत उठलेसुद्धा.

"बसा खाली," हौसाबाई म्हणाल्या. मग पहिल्यांदा त्यांनी मान वर केली आणि दादारावांकडे नव्हे, माझ्याकडे पाहिलं. "आरतीचं आपरेशन कव्हा हाय?"

मी दादारावांकडे पाहिलं. दादारावांनी जमिनीकडे पाहिलं.

"मला म्हाईत नाय व्हय?" त्या म्हणाल्या. "पोरगी माझ्या कुशीत झोपती. तिचं काळीज कसं धडधडतंय, ते माझ्या हाताला कळतंय. ओठ निळं पडतेत. अन् घरात समदे कुजबुजतेत, मी आले की गप. लेक गप, सून गप. म्हातारीला काय सांगायचं! म्हनून आले हिकडं. जिथं आपल्याला कुणी इचारत नाय, तिथं बसून काय करावं?" सुपातला एक खडा उचलून त्यांनी अंगणात भिरकावला. "अन् वरून फोनवर अक्षता."

दादारावांची मूठ तोंडापासून खाली आली. इतक्या वर्षांत मी त्यांना इतक्या हळू बोलताना ऐकलं नव्हतं.

"मंगळवारी हाये, मावशी. कार्डावर मोठ्या तुम्ही. तुमचा अंगठा लागल्याबिगर पोरीचं नाव पुढं सरकत नाय. अन् मशीनवाला संध्याकाळपर्यंतच हाये."

हौसाबाईंनी सूप झटक्यात बाजूला ठेवलं. "आवो मग ह्ये आदी सांगायचं सोडून पाय काय धुता माझे? चला!" त्या दारापर्यंत गेल्या, थबकल्या आणि वळल्या. "ते लुगडं आना हिकडं. अशीच येऊ व्हय मांडवात?"

परतीच्या वाटेवर गाडीत आवाज फक्त हौसाबाईंचा होता. ड्रायव्हरला त्या रस्ता सांगत होत्या, मला शाळेत आरतीला पायऱ्या का चढाव्या लागतात याचा जाब विचारत होत्या, आणि दादारावांना, केवायसी म्हणजे नेमकं काय हे तिसऱ्यांदा समजावून सांगायला लावत होत्या. खुलताबादच्या टपरीवर तेच लोक होते. या वेळी आत नवं लुगडं नेसलेल्या हौसाबाई दिसल्या आणि ते एकदम आदराने मागे सरले.

कार्यालयात शिरलो तेव्हा उन्हं उतरली होती. घरी कोणी गेलंच नव्हतं. ज्यांचे अंगठे सकाळीच झाले होते तेही थांबले होते. लग्न लागल्याशिवाय मांडवातून उठायचं कसं? गाडी दिसताच बँडवाल्यांनी कोणी न सांगता वाजवायला सुरुवात केली. मंगल धावत येऊन सासूच्या पायाशी वाकली, तर हौसाबाई म्हणाल्या, "तुझ्याशी मागून बोलते," आणि सरळ व्यासपीठ चढल्या.

वहीदभाईंनी मशीन पुढे केलं. हौसाबाईंनी अंगठा टेकवला. लॅपटॉपच्या पडद्यावर एक गोल फिरत राहिला. बँड थांबला. मंगलने माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. गोल फिरतोय, फिरतोय. दादाराव पुटपुटले, "ये बाबा, ये, पोरगी ताटकळली रं."

"हो गया!" वहीदभाई सिंहासनावरून उठून ओरडले. "सब नामां हरे हो गए!"

आणि दादारावांचा स्वतःवरचा ताबा सुटला. माईक तोंडाला लावून त्यांनी सगळा जीव ओतून आरोळी दिली, "शुभमंगल सावधान!"

हॉलभर लोकांच्या खिशांत, पदरात, रुमालात त्या निमंत्रणाच्या अक्षता होत्या. त्या सगळ्या एकदम उडाल्या. हौसाबाईंवर पडल्या, वहीदभाईंच्या चष्म्यावर पडल्या, आणि मूठभर तरी लॅपटॉपच्या बटणांत गेल्या. "अरे मेरा कीबोर्ड!" असं वहीदभाई ओरडत होते, बँड दणाणत होता, आणि मी, त्या आवाजावरून आजवर भांडत आलेली बाई, दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत उड्या मारत होते. आमचे हे समोरच्या खिडकीतून पाहत होते. त्यांनी नंतर त्यावर मला फार चिडवलं.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी दवाखान्यात गेले. फाटकाबाहेर अर्धं कार्यालय जमलं होतं. दादाराव त्यांना माईकशिवाय, पण माईकच्या आवाजात, गर्दी करू नका म्हणून सांगत होते. शेवटी वॉचमनने सगळ्यांनाच पिटाळलं. मी मास्तरीण म्हणून कशीबशी आत सुटले. दादाराव माझ्यामागून शिरले.

वर ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर मंगल, तिचा नवरा आणि मधे हौसाबाई. आरतीला आत नेऊन बराच वेळ झाला होता. दादाराव बाकावर बसले नाहीत. लांब, जिन्याच्या कठड्याला टेकून उभे राहिले. मी जवळ गेले आणि म्हटलं, "बसा की. एवढी जागा आहे."

"नको, मॅडम. घरची माणसं बसलीत." मग म्हणाले, "एवढी लग्नं लावली मी. पंगतीत कुणी ना कुणी इचारतंच, तुम्ही मुलाकडचे का मुलीकडचे? मी म्हणतो, कार्यालयाकडचा. मग माणूस दुसरीकडं बघायला लागतो." ते हसले. "लहानपणी भांडी घासायला आलो ह्या धंद्यात. आई-बाप नव्हते, मागं-पुढं कुणी नाय. लग्न माझं मीच ठरवणार होतो, पर तिथ दाट असायची हो नेहमी, सुट्टी मिळालीच नाय."

मला फार वाईट वाटलं. या माणसाला मी वर्षानुवर्षं फक्त आवाज कमी करा एवढंच सांगत आले होते.

दार उघडलं. नर्सने मास्क खाली केला. "आरतीचे घरचे? ऑपरेशन छान झालं. काचेतून दोघांनी बघून जा. दोघांनीच."

मंगल रडतच उठली. तिचा नवरा तोंड भिंतीकडे करून उभा होता आणि डोळे पुसत होता. दुसरा मान अर्थातच हौसाबाईंचा. त्या उठल्या, पदर सारखा केला, दारापर्यंत गेल्या, आणि तिथून मागे वळून जिन्याकडे पाहिलं.

"ये दादाराव," त्यांनी हाक मारली. "लांब का हुबा? ये, तू जा आदी. मी मागून बघते."

दादाराव हलेनात. हौसाबाई स्वतः चालत गेल्या, त्यांचं मनगट धरलं आणि दारापाशी आणून उभं केलं. दारावरच्या माणसाने त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुम्ही कोण?"

दादारावांचा हात सवयीने तोंडाजवळ गेला, आणि मधेच खाली आला.

"मुलीकडचा," ते म्हणाले.

इतक्या हळू, की दारावरच्या माणसाने पुन्हा विचारलं. तेव्हा हौसाबाईंनीच ते मोठ्याने सांगितलं, आणि त्याने दार उघडलं.